बाईंनी बदलायला लावलेला भोंगा

बाई, परवा बोईसरच्या कारखान्यात आपला भोंगा वाजला. रसायनं बनवायच्या रिॲक्टरच्या शेडमध्ये गॅस सुटला होता. आत मासवण गावचा एक ऑपरेटर एकटाच होता, तो धावत बाहेर आला म्हणून वाचला. सगळे माझं कौतुक करत होते आणि मला मात्र तुमची फार आठवण येत होती.

अजून डोळ्यांसमोर आहे, मी नोकरीत नवखी, तुम्ही माझ्या वरिष्ठ, आणि त्या दुपारी तुम्ही हातात डबा घेऊन माझ्या मागे उभ्या आहात. सुक्या बोंबलाचा वास अख्ख्या एसी ऑफिसात भरलाय, पण तुम्हाला सांगणार कोण? गॅस वाढला की भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम मी नुकताच लिहिलाय आणि त्याला संगणकाच्या सिस्टीमच्या आतली एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, जोडलीय. सिस्टीम बनवणाऱ्यांनी ती स्वतःपुरती ठेवलेली. बाहेरच्यांनी वापरावी असं कुठेच म्हटलेलं नाही. पण काम झटपट होत होतं आणि सोमवारी मालकांना दाखवायचं होतं. मी म्हटलं, चालतंय की. तुम्ही हातातला घास परत डब्यात ठेवलात. "चालतंय, पण त्यांनी तुला शब्द दिलाय काय? उद्या ते काढून टाकतील, तुला विचारणार नाय. तवा शेडात कोण असंल?" आवाज चढवणं तुम्हाला जमायचंच नाही, म्हणून तर जास्त लागायचं. मग तुम्हीच मालकांकडे गेलात, उशिराचा दोष स्वतःवर घेऊन बोलणी खाल्लीत, आणि मी तोंड फुगवून सगळं पुन्हा लिहिलं. तुमच्यासारखं माणूस मला नंतर भेटलं नाही.

गेल्या महिन्यात तिथल्या संगणकांवर नवी सिस्टीम आली. परवाच्या प्रकारानंतर मी माझी ती लायब्ररी जोडलेली पहिली आवृत्ती शोधून नव्या सिस्टीमवर चालवून पाहिली. पडद्यावर सगळं ठीक. गॅसचा आकडा वाढवत नेला, तरी भोंगा वाजेना. लायब्ररीचं नाव तेवढं शिल्लक होतं, आतलं काम त्यांनी कोणाला न सांगता काढून टाकलं होतं.

काल तो ऑपरेटर भेटायला आला. "ताई, तुमी होता म्हणून वाचलो मी." मी म्हटलं, मी नाही, आमच्या बाई. त्याने तुमचा पत्ता विचारला, भेटून येतो म्हणाला. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे सांगताना मला रडू आलं.

पत्ता माझ्याकडेही नाही, म्हणून हे पत्र इथेच राहील. पण खरं सांगते बाई, तेव्हा मला तुमचं काही पटलं नव्हतं. तुम्ही रागवाल म्हणून बदललं, एवढंच.