नामिएची नवी शिडं

हिकेता
मे महिना

प्रिय चिहाया,

तू पाठवलेला गोड वड्यांचा डबा पोचला. दोन वड्या तुझ्या बाबांच्या तसबिरीपुढे ठेवल्या, एक मी खाल्ली, उरलेल्या शेजारी दिल्या. गोड होती, एवढं जिभेला कळलं. बाबा गेल्यापासून माझं खाणंपिणं असंच चाललंय. खारट, आंबट, गोड सगळं ओळखू येतं, पण आवडलं का असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. काळजीसारखं काही नाही. वेळेवर उठते, दारापुढचं झाडते, हातमोज्यांच्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी चहाला बोलावतात तिथे जाऊन बसते. त्या हसल्या की मीही हसते. नोव्हेंबरात अंत्यविधीच्या वेळी लोक तुझ्यादेखत म्हणाले ना, ‘सातोएसान किती धीराच्या!’ धीर कसला गं. डोळ्यांना पाणी येईल म्हणून मी हातात रुमाल धरून बसले होते, तो कोरडाच घरी आणला.

हे पत्र होडीबद्दल आहे. फोन करायचा असं ठरवलं होतं, पण आपल्या दोघींचं बोलणं फोनवर थंडी-पावसाच्या पुढे जात नाही. तू विचारतेस, ‘सातोएसान, तब्येत बरी ना?’ मी म्हणते, ‘बरी आहे, तुझी?’ आणि मग दोघीही फोन कोण आधी ठेवतं याची वाट बघतो. म्हणून लिहायला बसले.

हिना बाहुल्यांच्या सणाला गावात पाहुण्यांची गर्दी होती, तेव्हा गोदीतले मानाबे दारात आले. तुला लहानपणी खेकडे पकडायचं जाळं करून दिलेलं, तेच मानाबे. अजून तसेच आहेत, बूट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात. म्हणाले, ‘रागावू नका, पण होडीचं काहीतरी बघा. बाबांच्या आजारपणात कुणी फिरकलं नाही, ताडपत्री फाटलीये, पक्ष्यांनी आत संसार थाटलाय. तसबिरीपुढे बसून त्यांना जरा विचारा तरी, धक्क्यावरच्या जागेचं भाडं कोण भरणार?’ मी म्हटलं, टाकून द्या. ते म्हणाले, ‘टाकणार कुठे? फायबरची होडी म्हणजे कापायची, गाडीत घालून न्यायची, सगळा खर्च आपलाच. फुकट देतो म्हटलं तरी धड शिडं नसलेली होडी नेतो कोण? त्यापेक्षा शिडं घ्या. नवी, पण साधी, स्वस्तातली. मोडीत काढण्याहून कमीत भागेल, आणि एखादा हौशी माणूस होडी घेऊनही जाईल.’ मी म्हटलं, बरं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. देवळातल्या भिक्षूंना, विम्याच्या माणसाला, दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही. घरात त्या आठवड्यात चार कोबी होते.

आधी वाटलं, जुनीच शिडं शिवून होतील. जन्मभर हातमोजे शिवलेली बाई मी. ती घरी आणली, मधली सरकती दारं काढली आणि दोन खोल्या मिळून मोठं शीड पसरलं. कापड बरं दिसत होतं, शिवणीचा दोरा मात्र उन्हाने इतका कुजलेला की नख लावलं की भुकटी. शिवणयंत्र खाली आणून जाड सुई घातली आणि एक एक शिवण पुन्हा घालायला लागले. आठवडाभर तेच केलं. शेवटी ताणून पाहिलं तर सुई गेली होती त्या रेषेवर कापड फाटत गेलं, टपालाच्या तिकिटांचं पान फाटतं तसं. वाईट वाटायला हवं होतं. मी यंत्र पुसलं, झाकलं, आणि चहा ठेवला.

मग मानाबेंनी वाटा सांगितल्या. ओसाकाला कुणाची तरी वापरून उतरवलेली शिडं मिळतात, ती कापून बसवायची. परदेशातल्या कारखान्याला मापं कळवली की खोक्यातून नवी शिडं येतात, फार स्वस्त. ‘पण माप चुकलं तर उशांचे अभ्रे शिवा’, असं वर त्यांचं. आणि निशिनोमियाला इगावा म्हणून जुने शीडवाले आहेत, हंगाम नसताना साधं काम कमी भावात करून देतात. मी इगावांना सांगायचं ठरवलं, कारण तिथे माणूस फोन उचलत होता. त्यांनी पहिलंच विचारलं, ‘किती वर्षं वापरणार?’ वर्षं म्हणजे काय ते क्षणभर समजलंच नाही मला. म्हटलं, ‘होडी विकायची आहे.’ ‘शर्यतीला नेणार का कुणी?’ ‘नाही.’ ‘मग झालं तर. जाड साधं कापड, सरळ पट्टे, आरपार बघायची खिडकी नको, चिन्हं नकोत. जुन्या शिडाच्या कड्या नि शीड ताठ ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्या धड असतील तर पाठवून द्या, त्याच लावतो. तेवढंच तुमचं वाचेल. माप मात्र शिडाचं देऊ नका, ते ओढून ओढून वाढलेलं असतं. होडीवर जाऊन घ्या.’

माप घ्यायला आम्ही दोघं होडीवर गेलो. शीड चढवायच्या दोराला मानाबेंनी फीत बांधली आणि डोलकाठीवर ओढली. ती थेट टोकाला जाऊन अडकली. खाली येईना. मानाबे वर बघत म्हणाले, ‘आता चढायचं कुणी, तुम्ही की मी? दोघांचं वय मिळून दीडशेच्या घरात.’ बांबूने ढोसून ढोसून ती एकदाची सुटली ती त्यांच्याच डोक्यावर पडली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या होडीत पाय ठेवला. तुझे बाबा आणि तू दर रविवारी जायचात, मी भाताचे मुटके शेवाळात गुंडाळून डबा द्यायची आणि धक्क्यावरून परत फिरायची. तू शिकायला गेल्यावर ते एकटे जायचे. होडीत बसलं की मला मळमळतं असं गावाने ठरवून टाकलं होतं. मी ते खोडलं नाही. ये असं मला कुणी म्हटलं नाही, येऊ का असं मीही विचारलं नाही. होडीच्या पाठीवर तुझ्या आईचं नाव आहे. तुझी आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी होडी घेतली आणि स्वतःच्या हाताने तिच्यावर ‘नामिए’ रंगवलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा ते मला म्हणाले होते, ‘तुला हवं तर पुसतो.’ मी म्हटलं, ‘असू दे.’ एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही. कारखान्यात बायका विचारायच्या, ‘काय गं सातोए, रविवार म्हणजे नवरा सवतीकडे का?’ मी म्हणायची, ‘हो ना, डबा मीच बांधून दिलाय.’ सगळ्या खिदळायच्या. पहिल्या वर्षी घरी आल्यावर मी भांडी जरा जोरात घासायची. पुढे तेही बंद झालं. तुझे बाबा संध्याकाळी परत यायचे, मिठाने खरखरीत झालेले, आणि आनंदी असायचे. आनंदी माणूस घरी येतोय ना, मग कुठून येतोय हे मी विचारणं सोडलं.

एप्रिलच्या अखेरीला शिडं आली. कापड इतकं कडक की घडी उलगडताना कडाकडा वाजत होतं. मी शिवण बघितली. सरळ, घट्ट, उगाच कुठे नखरा नाही. मानाबे म्हणाले, ‘बसतात का बघायला एकदा बाहेर काढावी लागेल. मी शिडाकडे बघणार, मग सुकाणू कोण धरणार? चला. नुसता दांडा धरून बसायचं, दुसरं काही करायचं नाही.’ मी बरं म्हटलं. बंदराच्या भिंतीपर्यंत काही वाटलं नाही. पाणी होतं, जाळी लावून हामाची नावाचे मासे वाढवतात ती शेतं होती, पलीकडे शोदो बेट होतं. भिंत ओलांडली आणि वाऱ्याने शीड एकदम भरलं. होडी एका कुशीवर गेली, खालच्या काठावरून पाणी आत आलं, माझे दोन्ही पाय भिजले आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटली. अशी की भिंतीवरचे गळ टाकून बसलेले लोक उठून उभे राहिले. मानाबे हसायला लागले. ‘आवाज आहे की तुम्हाला! अहो, दांडा सोडू नका! स्वतःकडे ओढा! तिकडे नाही, स्वतःकडे!’ मी ओढला. होडी सरळ झाली. चिहाया, मी घाबरले होते. इतक्या महिन्यांत मला काहीतरी झालं होतं. भीती का असेना. धक्क्याला लागल्यावर मी मानाबेंना उदोनच्या जाड शेवया खायला नेलं आणि एक वाडगा संपवून दुसरा मागितला. रश्शाला सुक्या माशांचा वास होता आणि तो मला आवडला.

त्यानंतर घेणारा आलाही. ताकामात्सुचे फुजिमोरी म्हणून आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. चांगला माणूस. कुत्री कडेवर घेऊनच आले. होडी सगळी बघितली, शिडांना हात लावून बघितला, मी सांगितलेली किंमतही कमी केली नाही. जाताजाता म्हणाले, ‘नाव मात्र बदलतो हं. हिचं ठेवतो, मारोन.’ आणि कुत्रीचा पंजा हलवून दाखवला. मी म्हटलं, ‘नाही.’ त्यांना वाटलं, किंमत. म्हणाले, ‘थोडे वाढवू का?’ मी पुन्हा म्हटलं, ‘नाही.’ मानाबे माझ्याकडे बघतच राहिले. आवाज चढला होता एवढं कळलं. बिचारे फुजिमोरी ओशाळले. ‘तुम्ही सावकाश विचार करा, मी थांबतो महिनाभर,’ म्हणाले आणि वाकून नमस्कार करून गेले. मानाबेंनी विचारलं, ‘सातोएसान, हे काय केलंत?’ मी म्हटलं, ‘सवत आहे माझी. कुत्रीचं नाव कसं देऊ?’ आणि मग धक्क्यावरच, दोरांच्या ढिगावर बसून मी रडले. रुमाल जवळ नव्हता. मानाबेंनी हात पुसायचं फडकं दिलं, त्याला इंजिनाच्या तेलाचा वास येत होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तेव्हापासून मी मानाबेंबरोबर तीनदा बाहेर गेले आहे. मला वारा अजून नीट कळत नाही, दोर चुकीचा ओढते, आणि लहान पोरीवर ओरडावं तसे ते माझ्यावर ओरडतात. फुजिमोरींना उत्तर द्यायचं आहे, आणि ते मी एकटीने देणं बरोबर नाही. ती तुझ्या आईची होडी आहे, मग तुझ्या बाबांची, मग तुझी. माझा नंबर कुठे लागतो ते मला माहीत नाही, आणि तूही मला कधी सांगितलं नाहीस. तसा दोष देत नाही. तुला ती तिकडे न्यायची असेल तर ने, शिडं नवी आहेत. विकून टाका म्हणालीस तर मी विकेन आणि मनात काही ठेवणार नाही. हे वाक्य लिहून वाचलं, तर ते खरं नाही. ठेवेन. मला ती होडी हवी आहे, चिहाया. नाव न पुसता, तुझ्या आईसकट हवी आहे. हे तुझ्याकडे मागते आहे. फुजिमोरींचा महिना सरायच्या आत ये, आणि नाही म्हणायचं असलं तर ते तोंडावर म्हण.

तुझीच,
सातोए