चौथं बटण

३ ऑगस्ट २००९
बोर्ड आला. तळहाताएवढा, आणि हा म्हणे अख्खा कॉम्प्युटर! लेक सायलीने कॉलेजच्या सरांकरवी मागवला. आता त्यात सिस्टिम कुठली टाकायची? लिनक्सचेच तीन प्रकार निघाले. मी हरसूलच्या शाळेत शिकलेला, कंपनीत मोटारी दुरुस्त करणारा माणूस. शब्दकोश घेऊन बसलोय.

काम एवढंच – चार बटणं. पाणी, दुखतंय, बाथरूम, आणि चौथं मला हाक मारायचं. अर्धांगवायूने बायकोची, गोजराची वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. बटण दाबलं की सायलीच्या आवाजात शब्द वाजेल.

५ ऑगस्ट
कंपनीत किशोर म्हणाला, "पुंजाभाऊ, खाटेला घंटी बांध की. एवढ्याला कॉम्प्युटर कशाला?" सगळे हसले, मीही हसलो. घंटीवरून तिला काय हवंय ते कळत नाही, हे सांगायचं राहिलंच.

८ ऑगस्ट
तिन्हींतली मोठी सिस्टिम टाकली, बोर्ड आणि बटणं एका डब्यात बसवली. डब्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले. गोजराने पाण्याचं बटण दाबलं. आवाजाने स्वतःच दचकली, मग अर्ध्या तोंडाने हसली.

११ ऑगस्ट
गोजराला ठसका लागला. मी मागे कपडे वाळत घालत होतो. आत आलो तर चेहरा लालबुंद, डोळे पांढरे. डबा हाताशी, पण हाक नाही! तासाभरापूर्वी लाइट जाऊन आली होती. सिस्टिम नीट सुरूच झाली नसणार. चूक माझी. मोठी निवडली.

१२ ऑगस्ट
छोटी सिस्टिम टाकली. वीस सेकंदांत तयार होते. चौथं बटण दहा वेळा दाबून बघितलं. "पुंजाराम!" – दहाही वेळा खणखणीत. लेकीच्या तोंडून आपलं नाव ऐकायची गंमत वाटली.

१७ ऑगस्ट
आज खाटेवरून अर्धी घसरलेली सापडली. डबा हाताखालीच. लाइट गेलेली नव्हती. मग का?
हरिपाठात मन लागलं नाही.

१९ ऑगस्ट
तिसरी सिस्टिम. सायली म्हणाली, हिच्यात प्रत्येक बटणाची नोंद ठेवता येईल, दोष कुठे ते कळेल.

२२ ऑगस्ट
नोंद बघितली. पाणी एकोणीस वेळा. बाथरूम अकरा. दुखतंय सहा. चौथं – एकदाही नाही.

म्हणजे दोष कुठल्याच सिस्टिमचा नव्हता. ती मला बोलवतच नाही. झटका आला त्या दिवशी मी ओव्हरटाइमला थांबलो होतो. ते मनात धरलं असेल का? जवळ बसून विचारलं, माझा राग आहे का. तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. या मानेचा अर्थ काय लावायचा? देवा, तूच सांग.

२३ ऑगस्ट
सायलीला सगळं सांगितलं. तिने चौथं बटण दाबून ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, उखाणा सोडून आईने कधी तुमचं नाव घेतलंय?"

सव्वीस वर्षांत एकदाही नाही. ठसका लागून जीव चालला होता, तरी नाही घेतलं!

२४ ऑगस्ट
सिस्टिम आहे तीच ठेवली. चौथ्या बटणावर "अहो" भरलं.
सकाळपासून नऊ वेळा वाजलं. काम दोनदाच होतं.