गवत कापायच्या यंत्राचं विमान

ती. जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार. अक्षर थरथरलेलं दिसेल, पण घाबरू नका, प्रकृती ठीक आहे. थरथर कुठून आली ते पुढे येईलच. तुमचा खोकला आता कसा आहे? रात्रीचा तरी थांबला का? भाऊजींनाही माझा नमस्कार सांगा. (फक्त माझा. ह्यांचा मी परस्पर घातला तर घरात नवा तंटा.)

तर जाऊबाई, आमच्याकडे गवत गुडघ्याला लागलंय. ते कापायचं पेट्रोलचं यंत्र आम्ही मोठ्या हौसेने घेतलं होतं, तुम्हीही पाहिलंय, लांब दांडा आणि मागे नारळाएवढं इंजिन. एका सकाळी ह्यांना साक्षात्कार झाला की एवढ्या ताकदीचं इंजिन गवतावर वाया घालवणं हा गुन्हा आहे, ते विमानाला लावलं पाहिजे. (मॉडेलचं विमान हो, माणसं बसायचं नव्हे. पण पंख आत्ताच पलंगाबाहेर गेलेत. इंजिन जड म्हणून विमान मोठं करायचं, आणि विमान मोठं झालं की त्याला हे इंजिन पुरेल का म्हणून रात्रभर कूस बदलायची, असं चाललंय.) दांडा गेला, मूठ गेली, पातं गेलं, वरचं झाकण गेलं, आणि जे उरलं ते माझ्या भाजी चिरायच्या ओट्यावर येऊन बसलं. पेट्रोलचा वास कोथिंबिरीला येतो हे मला या वयात कळलं.

परवा ते चालू करून बघायचं ठरलं. इंजिन जुन्या टेबलाच्या एका टोकाला बोल्टने आवळलं, पुढे पंखा बसवला, आणि टेबल हलू नये म्हणून दुसऱ्या टोकाला मला बसवलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपला नेमका उपयोग काय ते कळलं, हेही कमी नाही. पंखा फिरवून फिरवून (काठीने, बोटं शाबूत आहेत) इंजिन एकदाचं पेटलं. आता ते बंद करायचं बटण असतं मुठीत, आणि मूठ ह्यांनी आधीच उपटून अडगळीत टाकलेली. तेव्हा टाकीतलं पेट्रोल संपायची वाट बघणं एवढंच हातात होतं. टाकी काठोकाठ भरलेली. टेबल माझ्यासकट अंगणभर चालत निघालं. चष्मा नाकावरून उतरून मांडीत आला, शेजारीण कुंपणाशी येऊन हात जोडून गेली, आणि हे लांब उभे राहून जिवाच्या आकांताने मला काहीतरी ओरडून सांगत होते. मला वाटलं, जीव सांभाळ म्हणतायत. डोळ्यांत पाणी आलं हो. नंतर कळलं, ‘जरा मागे सरकून बस’ म्हणत होते.

एवढं हलायचं कारण असं, की इंजिनाच्या फिरत्या दांडीवर पंखा बसवायला मध्ये ॲल्युमिनियमची एक जाड चकती लागते आणि तिचं भोक बरोब्बर मध्यावर लागतं. केसभर सरकलं तर डोळ्याला दिसत नाही, पण इंजिनाला कळतं. (आणि टेबलावर बसलेल्याला.) हे हातातल्या ड्रिलने चकत्यांमागून चकत्या फुकट घालवतायत, एकीचंही भोक मध्यावर नाही. हेच काम लेथवर, चकती यंत्रात गरगर फिरवत, घटकाभरात होतं, आणि लेथ कुणाकडे आहे ते मी तुम्हाला काय सांगू! जन्मभर कारखान्यात टर्नर म्हणून राबून भाऊजींनी तो आता तुमच्याच मागच्या शेडमध्ये मांडलाय. पण त्या दिवशी तुमच्याकडे जेवताना ते सगळ्यांदेखत म्हणाले ना, “धाकट्याच्या हातात हत्यार देऊ नका, हात कच्चा आहे त्याचा,” तेव्हापासून हे दादाचं नाव काढू देत नाहीत. भरल्या ताटावरून उठून आले ते आलेच. भाऊजींचाही फोन नाही. दोघे भाऊ साठी ओलांडलेले, आणि रुसवे शाळेतले. मी एकदा लेथचं सुचवून पाहिलं, तर नवी चकती काढून बसले. मला विमानाचं काही सोयरसुतक नाही. पण संध्याकाळी हे एक वाकडी चकती बोटांत फिरवत खिडकीशी बसतात आणि मधूनच फोनकडे बघतात, ते मला बघवत नाही. थकले हो मी, जाऊबाई. या दोघांच्या मधे राहून थकले, आणि टेबलावर बसूनही.

असो. तुम्ही जपून राहा, थंड पाणी पिऊ नका.

तुमची धाकटी

ता. क. चकतीचा नमुना पाकिटात घातलाय. भाऊजींकडून तशी एक करून घ्याल का? खरं म्हणजे पत्र त्यासाठीच. कुणाला हवी ते सांगू नका, माझ्या शिलाई मशीनला हवी म्हणा. (मला शिवण येत नाही हे त्यांच्या लक्षात नसावं.)

आणखी ता. क. घात झाला. पाकीट चिकटवायच्या आत ह्यांनी पत्र वाचलं. मला वाटलं, आता फाडणार. तर म्हणाले, “ते शिलाई मशीन खोड. दादाला सरळ लिही, विमानाला हवी आहे, माझ्याच्याने होत नाही. आणि पोस्टाने पाठवू नको म्हणावं. मी घ्यायला येतो.” तेव्हा पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतोय. तुमचं गवत तेवढं आधी कापून घ्या, आणि यंत्र कुलपात ठेवा.