पंचेचाळीस अंशांच्या खाली

शिरूर,
१२ फेब्रुवारी २००५

प्रिय अंकिता,

गेल्या रविवारी मी दौंडला आले होते. तुला कळवलं नाही, कारण बाई आल्यात म्हटल्यावर तू मॅच सोडून माझ्या चहापाण्याची व्यवस्था बघत बसली असतीस. चौफुल्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, त्यामुळं एसटी अर्धा तास उशिरा पोचली आणि तुमचा पहिला गोल माझा हुकला. रेल्वेच्या ग्राउंडवर कडेच्या लिंबाखाली तुझी आई दिसली. निमोण्याहून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आली होती आणि शेजारच्या दोन अनोळखी बायकांना 'ती पाच नंबरची माझी हाय' असं सांगून झालं होतं. मलाही तिनं तेच सांगितलं, जणू मी तुला ओळखतच नाही. ऑफसाइड तिला कळत नाही, मलाही कळत नाही, त्यामुळं आमचं छान जमलं. पंच शिट्टी वाजवायचा तेव्हा आम्ही दोघी मिळून त्याला नावं ठेवत होतो.

आता त्या पासबद्दल लिहिते. उत्तरार्धात कोल्हापूरच्या मुलींनी तुम्हाला पार मागं रेटलं होतं आणि वारा तुमच्या तोंडावर होता. तुमच्या गोलपाशी, डाव्या कोपऱ्यात, चेंडू तुझ्याकडे आला. दुसऱ्या कुणीही तो घाबरून आभाळात मारला असता. तू मान वर करून एकदा पाहिलंस, दोन पावलं मागं गेलीस आणि चेंडूच्या पोटाखाली असा काही पाय घातलास की तो उलटा गरगरत, जमिनीपासून फार वर न जाता निघाला. चेंडू तसा मागं फिरत पुढं गेला की त्याच्या वरची हवा झरझर सरते आणि खालची अडखळते, म्हणून तो थोडा उचलून धरल्यासारखा जातो. हे मी पंधरा वेळा फळ्यावर बाण काढून शिकवलंय, पण होताना कधी पाहिलं नव्हतं. मध्यावर तो खाली येणार असं वाटलं आणि आला नाही. साठ पावलं जाऊन तुमच्या अकरा नंबरच्या पोरीच्या पायाशी तो इतका अलगद उतरला की तिला फक्त ढकलायचं काम उरलं. लोक तिच्यासाठी ओरडले. आम्ही दोघी मात्र तुझ्यासाठी उभ्या राहिलो, आणि माझा चष्मा खाली पडला तो मला नंतर त्या शेजारच्या बाईनं आणून दिला.

तुझी आई खाली बसताना म्हणाली, 'वाऱ्याच्या तोंडाला वर मारलं तर धोंडा आपल्याच म्होरं पडतो बाई. बाजरी राखताना गोफण म्याच शिकवली हिला.' एवढं बोलून तिनं मला भाकरी वाढली. मला त्या क्षणी किती अभिमान वाटला म्हणून सांगू. तुझा वाटलाच, पण शेतातल्या माळ्यावर उभी राहून पाखरं हाकणाऱ्या त्या बाईचाही वाटला.

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. पतियाळाच्या फुटबॉल-कोचिंगच्या कोर्सचा फॉर्म तुझ्याकडे महिनाभर पडून आहे, अठ्ठावीस तारीख शेवटची आहे, आणि तू तो भरणार नाहीस. आई म्हणाली, 'त्यात सायन्सचं पेपर हायेत म्हणं. आपल्याला सायन्स जमत न्हाई म्हणती. मी म्हणलं, तुझ्या बाईंनी एवढं शिकवलं, आन् तू अशी बोलती?' मी भाकरीचा तुकडा तोंडात ठेवला आणि मॅच बघू लागले. तुम्ही मॅच जिंकलीत. तू भेटायला येशील या भीतीनं मी साडेपाचची गाडी पकडून पळाले.

अंकिता, अकरावीचा तो वार्षिक पेपर तुला आठवत असेल. सत्त्याण्णव साल. फुटबॉल जास्तीत जास्त लांब जाण्यासाठी तो किती अंशांच्या कोनात मारावा, गुण तीन. सगळ्या वर्गानं पंचेचाळीस लिहिलं. तू लिहिलंस की पंचेचाळीस हे उत्तर हवा नसलेल्या जागेचं आहे, आपल्या ग्राउंडवर हवा आहे, ती चेंडूला अडवते, म्हणून त्याच्यापेक्षा बऱ्याच खालच्या कोनात मारावा लागतो, आणि समोरून वारा असला तर आणखी खालच्या. खाली गोफणीचा दाखला दिला होतास. मी लाल पेनानं शून्य दिलं आणि वर लिहिलं, 'पुस्तक वाच. पेपरात गोफण नको.' त्या शेऱ्याचं तेव्हा मला कौतुकही वाटलं होतं. ग्रेस धरूनही तू दोन मार्कांनी गेलीस. तुझे आजोबा, गेणबा आबा, तुला घेऊन शाळेत आले आणि हात जोडून म्हणाले, 'पोरीला झेपत न्हाई तर आर्टला घाला, पर वरीस वाया जाऊ देऊ नगा.' तू खाली मान घालून उभी होतीस. वाद घातला नाहीस, पेपर पुन्हा बघा असंही म्हणाली नाहीस. बाई चुकणार नाहीत असं तुला वाटलं असणार.

हे पत्र मी आज का लिहितेय ते आता लिहिते, नाहीतर पुन्हा आठ वर्षं जातील. बाई चुकल्या होत्या. आणि मला ते रविवारी कळलेलं नाही. निकाल लागल्यावर आठवड्याभरात पुण्याला माझ्या कॉलेजच्या सरांकडे गेले, तेव्हा तुझं उत्तर मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, मुलगी बरोबर आहे, शाबासकी दे तिला. आबा शाळेत आले ते त्यानंतर चार दिवसांनी. तुझा पेपर तेव्हा माझ्याच कपाटात होता, मुख्याध्यापकही भले गृहस्थ होते, एक अर्ज केला असता की काम झालं असतं. पण माझं नोकरीचं पहिलं वर्ष होतं, आणि बाईला विषयच येत नाही असं कुणी म्हणेल या भीतीनं मी आबांसमोर गप्प बसले. पुढं दर दिवाळीला तू पाया पडलीस आणि मी आशीर्वाद देत राहिले. काल मी अकरावीचा वर्ग ग्राउंडवर नेला, बांबूंना दोऱ्या बांधून कोन ठरवले, चुन्याची फक्की टाकून टेपानं मोजलं. सगळ्यात लांब गेलेला चेंडू पंचेचाळीसच्या दोरीवरून गेलाच नव्हता. तो तिच्या खूप खालच्या दोरीवरून गेला होता. मग फळ्यावर लिहिलं, 'योग्य उत्तर, अंकिता मल्हार कोळपे, १९९७', आणि शून्य कुणी दिलं होतं तेही पोरांना सांगितलं. उद्या सकाळच्या गाडीनं निमोण्याला जाऊन तुझ्या आईला सांगणार आहे, ती मला काय म्हणेल ते म्हणो. फॉर्म भरायचा की नाही ते तू ठरव, त्यात मी बोलण्याचा हक्क घालवून बसलेय. पण सायन्स जमत नाही हे कारण सांगू नकोस. ते कधीच खरं नव्हतं. ते मी तुला दिलं होतं, आणि आज परत घेतेय.

तुझीच,
प्रतिभा बाई