दाढेचा निर्णय माझा मीच घेतला

ती. ताईला,

सूज न आलेल्या अर्ध्या तोंडाने नमस्कार. डोंगरावरून उतरल्यावर तुझे गुडघे तुझ्याशी बोलतायत ना? भावोजींच्या शिंका थांबल्या का? मी फोन न करता पत्र लिहितेय, कारण एक तर मला अजून 'प' आणि 'ब' नीट म्हणता येत नाहीत आणि दुसरं म्हणजे फोनवर तू मला मुद्द्याच्या आधीच अडवतेस. या वेळचा मुद्दा सावकाश, चवीनं सांगण्यासारखा आहे.

मी डेंटिस्ट निवडला. माझा मी.

आजवर माझा कॉलेजचा विषय तू निवडलास, ग्रंथालयातली नोकरी तू सुचवलीस, नवरा तू पसंत केलास (बरा निघाला, तक्रार नाही), हॉलचे पडदेसुद्धा तुझेच. त्यामुळे शनिवारी दुपारी डावी दाढ ठणकायला लागली आणि आरशात माझ्या आधी माझा गाल पोचायला लागला, तेव्हा मी पहिला फोन तुलाच केला. तू रेंजच्या बाहेर. नवऱ्याला विचारलं, तर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "ताईंना विचार." तिथं माझं डोकं फिरलं. हा एक निर्णय तरी आपला आपण घ्यायचा, आणि तोही आज जमला नाही तर जन्मात जमणार नाही, असं मी ठरवून टाकलं. (हे ठरवलं तोही निर्णयच झाला का, यावर मी थोडा वेळ घालवला. ठणका चालूच होता.)

निवडायची पद्धत मी स्वतः शोधून काढली. डेंटिस्टला स्वतःच्या तोंडात काम करता येत नाही. म्हणजे प्रत्येक डेंटिस्टचा कुणीतरी डेंटिस्ट असणार. आपण त्याच्याकडे जावं. सोपं होतं. सुरुवात कुठून तरी करायची म्हणून ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीतल्या तरुण डॉक्टरांकडे गेले, कारण त्यांचं दार उघडं होतं. त्यांनी मला खुर्चीत निजवलं, गळ्यात कागदी एप्रन अडकवला, दिवा तोंडावर ओढला, आणि मी विचारलं, की तुमचे दात कोण बघतं? बिचारे गोंधळले. मग म्हणाले, आमचे सर, पोस्टाशेजारचा जिना चढून वर, तेच बघतात. मी आभार मानून उठले. उठणं उद्धटपणाचं दिसलं असेल का, हा विचार मी भर रस्त्यात केला, आणि लोक माझ्याकडे का बघतायत हे मला कळेना. एप्रन गळ्यातच होता.

सर म्हातारे, एकटेच, खुर्चीत डुलक्या घेत बसलेले. पेशंटची खुर्ची, त्यांची नव्हे. मी तोच प्रश्न विचारला. ते मनापासून हसले, तोंडात हात घातला आणि वरची अख्खी कवळी काढून माझ्यासमोर रुमालावर ठेवली. ती बसवून देणारा कोण? तोच गल्लीतला तरुण! ताई, माझी पद्धत दोन माणसांत गोल फिरून संपली. यांचा एकमेकांवर खरंच विश्वास आहे, की दोघांना तिसरं कुणी मिळालंच नाही? दाढ म्हणत होती, काहीही असो, आटप.

आणि मग मी ती कवळी नीट पाहिली. तू असतीस तर मला पाहूच दिली नसतीस. सगळे दात सरळ, फक्त डावा सुळा किंचित वाकडा, शेजारच्या दातावर टेकलेला. मी विचारलं, हा चुकला का?

सरांनी कवळी परत बसवली आणि म्हणाले, "माझा असाच होता. मी त्याला बजावलं होतं, आता नवीन करतोयस तर सरळ लाव. ऐकलं नाही गाढवानं."

मग रुमालाची घडी घालत म्हणाले, "बरं केलं. सरळ दातांनी घरी गेलो असतो तर बायकोनं दार उघडलं नसतं."

सांग, याहून मोठं प्रमाणपत्र कुठल्या भिंतीवर टांगलेलं असतं? गुरूचं न ऐकता ज्यानं त्याचा वाकडा दात वाकडाच ठेवला, तो माझी दाढ उगाच उपटणार नाही. कुणालाही न विचारता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, मी तिथल्या तिथे ठरवलं आणि निघाले. पोस्टावरून, बाजारातून, एप्रनसकट, ताठ मानेनं. तरुण डॉक्टर दारातच होते. म्हणाले, "एप्रन परत करायला आलात?" मी म्हटलं, "नाही, निवड करून आलेय." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी दाढ उघडली, पू काढला, आणि त्या क्षणी जे वाटलं ते लग्नात वाटलं नव्हतं. दाढ वाचली आहे. रूट कॅनाल होईल. परत येताना मी नवऱ्याला न विचारता रिक्षासुद्धा केली.

तेव्हा आता माझी काळजी सोड. भावोजींना नमस्कार.

तुझी,
स्वतंत्र झालेली धाकटी

ता. क. दाढेवर कॅप बसवायची आहे. धातूची हवी की दाताच्या रंगाची, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, सांगते.

ता. क. २. माझं ठरलेलं आहे. काय ते लिहीत नाही, तुझ्या मतावर उगाच दडपण नको. तू फक्त तुझं कळव.

ता. क. ३. गुरुवारच्या आत कळव. बुधवारी संध्याकाळी मी फोनजवळच बसलेली असेन.