तराफ्यावर चढण्याआधी केलेली वाटणी

मी, एव्हरेट स्टोल्झ, वय तेवीस, राहणार हार्लन्स फेरी, ओहायो, कोणाच्या दडपणाखाली नसताना आणि दारू न पिता ही वाटणी, म्हणजे माझे मृत्युपत्र, लिहून ठेवत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. ते ठिकाण म्हणजे गावच्या शाळेतला आठवीचा इतिहासाचा वर्ग.

तिथे कोरा व्हिटलॉकबाई पाठ्यपुस्तक मिटून पोरांना अस्सल जुने कागद वाचायला लावतात. ते कागद संग्रहालयातून पोचवायचे काम माझे. सोमवारी १८३१ सालच्या एका नावाड्याची रोजनिशी वाचली. तराफ्याने एका दिवसात नदीच्या खालच्या अंगाचे बंदर गाठले, असे तो लिहितो. मार्सी नावाची पोरगी म्हणाली, थापा मारतोय. बाईंनी विचारले, पुरावा काय? मला कोणी विचारले नव्हते, तरी मी बोलून बसलो की शनिवारी जाऊनच दाखवतो. तराफा तयार आहे. पोहता येत नाही.

कलम १. मोटारसायकल भाऊ डेल याला. चावी त्याने शोधावी. त्याने नेलेला माझा बेसबॉलचा हातमोजा मीही सहा वर्षे शोधतो आहे.

कलम २. इतिहासाचा जाडा ग्रंथ माझ्या कॉलेजच्या प्राध्यापकांना परत. तीन सत्रांत त्यांनी एकही मूळ कागद दाखवला नाही. तसे मी भर वर्गात म्हणालो आणि दार आपटून कायमचा निघालो. दाराचा पश्चात्ताप नाही. छत्री आत राहिली, तिचा आहे.

कलम ३. बाकी सर्व, म्हणजे सुतारकामाची हत्यारे, हाताने उतरवून काढलेली एकशे बारा जुनी पत्रे, आणि जिवंत परतलो तर मी स्वतः, कोरा व्हिटलॉक यांना.

पुरवणी. आज दुपारी साक्षीदार म्हणून सही मागण्याच्या निमित्ताने हा कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी रिवाजाप्रमाणे तो वर्गात मोठ्याने वाचायला घेतला: कोणी लिहिला, कधी, कोणासाठी. तिसरे कलम त्यांनी दोनदा वाचले. पेन त्यांनी माझ्या हातात परत दिले.

"मी सही नाही करणार, एव्हरेट," त्या म्हणाल्या. "साक्षीदारानं सही केली की त्याचा स्वतःचा वाटा जातो. कायदा आहे आपल्याकडे."

मी नकार समजून कागदाची घडी घालू लागलो. शेवटी मार्सी म्हणाली, "सर, बाईंना वाटा सोडायचा नाहीये. एवढं तर आम्हालाही कळलं."

सबब कलम ३ कायम.

खाली सही करणाऱ्या दोघांना या कागदातून काहीही मिळत नाही. त्यांच्याबद्दल आज मला फार वाईट वाटते.

साक्षीदार: हॅरिएट बॉग्ज, ग्रंथपाल (सही)
लाइल केम्पर, शाळेचे रखवालदार (सही)

एव्हरेट स्टोल्झ (सही, अक्षर वाकडे आहे, पण माझेच)
हार्लन्स फेरी, शुक्रवार, १७ मे २०१९