इचारलं तेवढंच

आण्णा, रविवारी सकाळी तुम्ही मला स्कूटरवर पुढं उभी करून न्यायचात, ते मला फिरवायला, की मी बरोबर असले की तुमच्याकडं कुणी बघत नसे म्हणून? हा प्रश्न मी कितीदा स्वतःला विचारलाय. आईला विचारलं तर ती म्हणते, "बाप लेकीला घिऊन जातोय, त्यात काय इचारायचं?" आणि तव्यावरची भाकरी उलटते. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही करत होता तेच काम आता मी सांगलीत करते. तुम्ही कवठे महांकाळकडच्या मेंढपाळाच्या घरातून आलेले, दहावी पास, साध्या वेशातले पोलीस शिपाई होता; मी आपल्या घरातली पहिली पदवीधर, म्हणून मला टेबल आहे आणि सहीचा अधिकार आहे. बाकी काम तेच. लोकांत बसायचं, ऐकायचं, आणि काही वाईट घडायच्या आत वर कळवायचं.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवरची सभा मला अजून दिसते. कामगार रस्त्यावर बसलेत, एक जण टेबलावर उभा राहून बोलतोय, आणि तुम्ही चौकडीचा शर्ट घालून समोरच्या हॉटेलात, भिंतीला पाठ लावून. माझ्यापुढं भज्यांची प्लेट. शेजारचा कामगार तुम्हाला विचारतो, "पावणं, कंच्या शिफ्टचं?" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता. "शिफ्ट कसली गड्या, ह्या पोरीला भजी पायजे हुती." तो हसतो, त्याच्या ताटलीतली तळलेली मिरची मला देतो, म्हणतो, "खा, पर रडलीस तर बापाकडं जा, माझ्याकडं न्हाई." परत येताना नाक्याच्या अलीकडं तुम्ही स्कूटर थांबवता आणि आपला खेळ सुरू होतो. "डोळं मिट. हाटेलात माणसं किती हुती? डाव्या हातानं च्या कोण पीत हुतं? टेबलावरच्या मानसाच्या पायात काय हुतं?" मी भराभर सांगते. त्या दिवशी मला जास्तीचंही काही सांगायचं होतं. मिरची देणाऱ्याची बायको दवाखान्यात होती, तो ते दुसऱ्याला सांगताना मी ऐकलं होतं. तुमचा आवाज एकदम कोरडा झाला. "ते इचारलं का मी? इचारलं तेवढंच सांगायचं. पदरचं घातलं की खबर नासती, दुधात पाणी पडल्यावाणी." मी मान हलवली. त्या वयात मुली बापाचं ऐकतात तसं नाही. शपथ घेतल्यासारखं ऐकलं.

मी या कामात का आले, हे मला मुलाखतीत विचारलं होतं. मी देश, सुरक्षा, कर्तव्य असं काहीबाही बोलले, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण आपलं स्वयंपाकघर होतं. एका मिरवणुकीच्या आदल्या दिवशी एका गावात अफवा उठली होती, कुणी तरी कुणाचं तरी काही तरी तोडलंय म्हणून. तुम्ही पहाटे गेलात, जे तोडलं म्हणत होते ते स्वतःच्या डोळ्यांनी धड उभं असलेलं बघून आलात, वर कळवलंत, दोन्हीकडची म्हातारी माणसं समोरासमोर बसली, आणि मिरवणूक गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही ओट्याला टेकून बशीत चहा ओतत होता. आई म्हणाली, "काय झालं म्हणं त्या गावात?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई झालं." आणि असे हसलात की मला वाटलं, जगात याच्याएवढं मोठं काम नसेल. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, तिला बक्षीस नसतं, पण त्या गावातली सगळी पोरं त्या संध्याकाळी आपापल्या घरी जेवली. आण्णा, मी अजून त्या "काय न्हाई झालं"वर विश्वास ठेवते. म्हणून तर पुढचं लिहिणं इतकं जड जातंय.

आपल्या मागच्या आळीत गाद्या भरणारं एक मुसलमान कुटुंब होतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. त्यांच्या घरात शिरलं की हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे आणि तिची आजी शिंकत शिंकत मला "ये गं, बस गं" म्हणायची. तिचा काका आखातात गवंडीकाम करायचा. फोन महाग म्हणून तो आजीला पत्रं लिहायचा, आणि माझी मैत्रीण ती मोठ्यानं वाचून दाखवायची. पत्रात काय असायचं? गुडघा कसा आहे, शेळी व्याली का, पोराला सांगा रोज पळायचं सोडू नको. पोरगा म्हणजे मैत्रिणीचा थोरला भाऊ. साताऱ्यातल्या अर्ध्या पोरांसारखा तोही भरतीची तयारी करत होता. एक निवृत्त सुभेदार त्याला आणि आणखी पाचसहा जणांना माळावर पळवायचे. एका पत्रावरचं टपालाचं तिकीट मैत्रिणीनं पाण्यात भिजवून सोडवलं आणि मला दिलं. त्यावर ससाणा होता, हातमोज्यावर बसलेला. मी मागं पेन्सिलनं माझं आणि तिचं नाव लिहिलं, आणि तुम्ही घरी आल्याबरोबर तुम्हाला दाखवलं.

तुम्ही ते उन्हाकडं धरून बघितलंत. "कुणी दिलं?" मी सांगितलं. "त्येंच्याकडं अशी टपालं येत्यात?" मी म्हटलं, व्हय, येत्यात. "लय येत्यात?" मी म्हटलं, लय येत्यात. तुम्ही आणखी काही विचारलं नाही. गवंडी काका, आजीचा गुडघा, शेळी, सगळं माझ्या जिभेवर होतं, आणि मी ते गिळलं. इचारलं तेवढंच सांगायचं. मला वाटलं, आज आण्णा म्हणतील, शिकली पोरगी. तुम्ही म्हणालात, "दोन दिवसांनी देतो परत," आणि तिकीट शर्टाच्या खिशात ठेवलंत.

पुढच्या दोनतीन महिन्यांचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मैत्रिणीचा भाऊ भरतीत निघाला आणि त्यांच्या घरून आपल्याकडं पेढे आले. मग त्याच्या पोलीस चौकशीचा कागद कुठं तरी अडला, मुदत गेली, आणि तो गेलाच नाही. मग एक दिवस शाळेच्या फाटकापाशी मैत्रीण माझ्यासमोर उभी राहिली. "तुझ्या आण्णांनी आमचा कागद दाबलाय म्हणं. माझं तिकीट दे परत." मी घरी येऊन तुम्हाला विचारलं, कागदाचं आणि तिकिटाचं, दोन्ही. तुम्ही जेवत होता. तुम्ही ताट सरकवलंत आणि आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडलात, "कामाचं घरात काढायचं न्हाई! आन् तिकीट हरवलं." दोन दिवसांनी तुम्ही स्टेशनरीच्या दुकानातून पाकीट आणलंत, पन्नास परदेशी तिकिटांचं. नुसतं माझ्या दप्तरावर ठेवलंत. ते तिला द्यायला मी पळत मागच्या आळीत गेले, तर दाराला कुलूप. घर सोडून कडेगावला गेले, असं शेजारणीनं सांगितलं. ते पाकीट मी कधी फोडलं नाही.

मी पंधरा वर्षांची असताना तुम्ही गेलात. बंदोबस्तावरून परत येताना, बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या. कंडक्टरला वाटलं, पाहुणा झोपलाय. साताऱ्याच्या स्टँडवर सगळी बस उतरून गेली तेव्हा कुठं लक्षात आलं. म्हणजे शेवटीही तुमच्याकडं कुणी बघितलं नाही. मी बघते. कुठल्याही सभेला गेले की माझी नजर आधी गर्दीच्या शेवटच्या ओळीकडं जाते, चौकडीचा शर्ट आणि कडेवर पोर असलेला माणूस शोधत. हॉटेलात मी भिंतीला पाठ लावून बसते. डोळे मिटले की आपोआप माणसं मोजली जातात, डावखुरा कोण ते दिसतं. कधी कधी तुमचा आवाजही येतो, अगदी कानाशी, आणि मी तोंडातल्या तोंडात उत्तर देते. सोबतच्या हवालदारांनी एकदा विचारलं, "मॅडम, कुणाशी बोलताय?"

त्याच हवालदारांनी तीन आठवड्यांपूर्वी माझ्यासमोर एक प्रकरण ठेवलं. कडेगावची एक मुलगी सैनिकी रुग्णालयात नर्स म्हणून निवडली गेलेली, तिच्या चारित्र्य पडताळणीचं. लहानपणीचा पत्ता साताऱ्याचा, म्हणून तिथून त्या घराचे जुने कागद मागवलेले. नाव वाचलं आणि माझ्या नाकात कापूस गेल्यासारखं झालं. पान उलटलं तर तुमचं अक्षर. उकार खाली ओढलेला, तुमचाच. "सदर कुटुंबाकडे परदेशातून वारंवार टपाल येत असल्याचे गोपनीयरीत्या समजते. त्यापैकी एक तिकीट सोबत जोडले आहे. पत्रव्यवहार कोणाशी व कशाबाबत आहे, याची अधिक माहिती घेणे आवश्यक." खाली टाचणीनं लावलेला ससाणा. टाचणी गंजून त्याच्या पंखाला तांबूस डाग पडलाय. मी मागचं पान बघितलं. त्याच्या मागचं बघितलं. ती अधिक माहिती घेतल्याचा दुसरा कागद कुठं तरी असेल म्हणून सगळा गठ्ठा दोनदा चाळला. नाही, आण्णा. दुसरा कागद नाही.

तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं. त्या पानावरचा शब्द न् शब्द खरा आहे. आता या खुर्चीत बसल्यावर मला कळतं की ते कसं झालं असेल. लिहिलेल्या संशयाची शिक्षा कुणाला होत नाही, न लिहिलेल्याची होते. म्हणून माणूस लिहून मोकळा होतो, वर कुणी तरी बघेल म्हणतो, आणि वरच्याला वाटतं खाली कुणी तरी बघितलंय. पण तुम्ही एक प्रश्न जास्त विचारला असतात तर? "पत्रात काय असतं गं?" एवढाच. नाही तर मीच तुमचा नियम मोडला असता तर? आणि ज्या दिवसांत तुम्ही एका गवंड्याच्या पत्रावर लक्ष ठेवून होता, त्या दिवसांत खरंच बघायला हवं असं दुसरं काय तुमच्या नजरेतून सुटलं असेल? तीन आठवडे मी याच वर्तुळात फिरतेय. एका बाजूला तिची नोकरी, एका बाजूला तुमचं नाव.

मी साहेबांकडं गेले. आमचे साहेब चांगले आहेत, दोन वर्षांत निवृत्त होतील. मी म्हटलं, अर्जदार माझ्या ओळखीची आहे, हे प्रकरण दुसऱ्याकडं द्या. आणि जुन्या टिपणातली माहिती कुणी दिली ते मला सहीनिशी लिहून द्यायचंय. ते चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले.

"मॅडम, खबर देणाऱ्याचं नाव लिहायचं नसतं. पहिल्या दिवशी शिकवलंय तुम्हाला."

"देणारी मीच आहे, सर. नऊ वर्षांची होते."

ते म्हणाले, "म्हणजे वडलांनी लेकीच्या तोंडून काढून घेतलं आन् अर्धवट लिहिलं, असं कागदावर येणार. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही हो. आन् तुमचं काय? उद्या म्हणतील, हिला गोपनीय काम कशाला?" त्यांनी माझ्यापुढं चहा सरकवला. "दुसऱ्याकडं देतो मी. तो लिहील, सध्या प्रतिकूल काही नाही. पोरीचं काम होतंय. जुना कागद झोपलाय, झोपू द्या."

मला ते पटलं होतं, आण्णा. खोटं कशाला सांगू, घरी येताना बरंसुद्धा वाटलं होतं. पण तो कागद झोपलेला नाही. अठरा वर्षांनी तो साताऱ्याहून सांगलीला चालत आलाय. उद्या तिच्या भावाच्या पोरानं कुठं अर्ज केला की परत येईल, आणि प्रत्येक वेळी कुणी तरी तुमचं अक्षर वाचून म्हणेल, काही तरी असणार. आईला सांगितलं. ती बराच वेळ परातीतलं पीठ मळत राहिली. "त्येंचं नाव कशाला उकरतीस?" म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ती म्हातारी मला चांगली उशी भरून द्याची."

शेवटी मी ते टिपण लिहिलंच. त्यात गवंडी काका लिहिला, आजीचा गुडघा लिहिला, शेळीसुद्धा लिहिली. सरकारी कागदावर शेळी कशी दिसते ते तुम्ही बघायला हवं होतं. माझं नाव, तेव्हाचं माझं वय, आणि "सदर अंमलदार माझे वडील" हेही. पन्नास तिकिटांचं पाकीट तेवढं लिहिलं नाही. ते कुणी विचारलेलं नव्हतं. आणि प्रकरण दुसऱ्याकडं जायच्या आधी एक गोष्ट केली: ससाणा घरी आणावा म्हणून टाचणी काढली, मागची पेन्सिल वाचली, आमच्या दोघींची नावं अजून दिसतात. मग टाचणी होती त्याच भोकातून परत लावली.

तुम्हाला वाटेल, पोरगी विचारायला बसलीय, देऊ का नको. तसं नाही. कागद काल दुपारी आवक टेबलावर दिला, शिक्का मारून घेतला, पोचही घेतली. हे पत्र काल सकाळी लिहायला घेतलं असतं, तर मी तुमचं ऐकलं असतं.